मेमरी गळतेय म्हणण्याआधी: आलेख, नकाशे आणि थ्रीडी चित्रं काढताना या चुका टाळा

हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाकडून मिळणारा रोजच्या पावसाचा ग्रिड डेटा वजनाला अगदी हलका असतो. पाव अंशाची जाळी, १३५ गुणिले १२९ बिंदू. एका दिवसाचे १७,४१५ आकडे, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे जेमतेम ७० केबी. अख्खं वर्ष घेतलं तरी २५ एमबीच्या आसपास. मग त्याच वर्षाचे ३६५ नकाशे काढणारी पायथन स्क्रिप्ट भल्या लॅपटॉपचा जीव का काढते? आणि लिनक्सवर नुसतं 'किल्ड' एवढंच सांगून मध्येच का मरते?

कारण मेमरी संपते. पण दोष डेटाचा नाही, चित्रांचा आहे. १० बाय ८ इंचांची फिगर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) काढली की ३००० गुणिले २४०० पिक्सेल होतात. प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे एका फिगरला २८.८ एमबी. ३६५ फिगर उघड्या राहिल्या तर साडेदहा जीबी. सीमारेषा, कलरबार, अक्षरं यांचा हिशोब वेगळाच.

'फाइल सेव्ह केली, काम झालं' हा समज सगळ्यात महागात पडतो. मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख काढणाऱ्या लायब्ररीतलं पायप्लॉट आपण उघडलेल्या प्रत्येक फिगरची नोंद स्वतःकडे ठेवतं. लूपच्या पुढच्या फेरीत तुमचं 'फिग' हे व्हेरिएबल नव्या फिगरकडे वळतं, पण जुनी त्या नोंदीत जिवंतच असते. 'सेव्हफिग' चित्र डिस्कवर लिहितं, फिगर सोडत नाही. २० पेक्षा जास्त फिगर उघड्या झाल्या की मॅटप्लॉटलिब वॉर्निंग देतं. ती वाचून लूप सुधारण्याऐवजी वॉर्निंगची मर्यादाच वाढवणारे महाभाग कमी नाहीत. प्रत्येक सेव्हनंतर 'क्लोज' लिहा आणि कंसात ती फिगरच द्या. नुसतं 'क्लिअर' करून भागत नाही, त्याने फिगर रिकामी होते पण नोंद तशीच राहते.

'पण नोटबुकमध्ये हाच कोड नीट चालला होता!' खरंय. ज्युपिटर नोटबुकचा इनलाइन बॅकएंड (चित्रं पानातच दाखवणारा भाग) सेल, म्हणजे कोडचा एक तुकडा, संपला की उघड्या फिगर आपणहून बंद करतो. म्हणून छोट्या छोट्या सेलमध्ये तपासलेला कोड जसाच्या तसा स्क्रिप्टमध्ये नेला की चूक तिथे उघडी पडते.

नोटबुकची स्वतःचीही एक खोड आहे. सेलच्या शेवटच्या ओळीत नुसतं व्हेरिएबलचं नाव लिहून आपण अॅरे (आकड्यांचा तक्ता) डोळ्यांखालून घालतो, तेव्हा त्याचा संदर्भ 'आउट' या डिक्शनरीत जाऊन बसतो. नंतर 'डेल' लिहून ते व्हेरिएबल काढलंत तरी 'आउट'मधला संदर्भ काही सुटत नाही. जड गोष्ट अशी पाहायची सवय असेल तर ती 'प्रिंट'ने पाहा, मग नोंदच होत नाही. झालेला पसारा '%रीसेट आउट'ने निघतो.

आता मोजमापाबद्दल, कारण निम्मा गोंधळ इथेच असतो. बरेच जण 'गेट-आर-यूसेज' या सिस्टिम कॉलमधला 'मॅक्सआरएसएस' छापतात आणि 'मेमरी कमीच होत नाही' म्हणून डोकं धरून बसतात. तो आकडा प्रोसेसने गाठलेल्या सर्वोच्च पातळीचा आहे, तो कधीच उतरणार नाही. शिवाय लिनक्सवर तो केबीत येतो आणि मॅकवर बाइटमध्ये. दुसरं आवडतं साधन म्हणजे ट्रेसमॅलॉक, मेमरीचं वाटप नोंदवणारं पायथनचं मॉड्यूल. पायथनच्या आणि नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीच्या वाटपासाठी ते उत्तम आहे, पण सी++च्या बाजूने घेतलेली मेमरी त्याला दिसत नाही. वरचे २८.८ एमबी नेमके तिथलेच, आणि व्हीटीके या थ्रीडी लायब्ररीचा सगळा संसारही तिकडेच. तेव्हा ट्रेसमॅलॉक स्वच्छ दाखवतंय म्हणजे लीक (मेमरीची गळती) नाही, असं समजू नका.

साधा उपाय असा: पीएसयूटिल ही पायथन लायब्ररी घ्या आणि लूपच्या प्रत्येक फेरीच्या शेवटी आरएसएस (प्रोसेसने रॅममध्ये प्रत्यक्ष व्यापलेली जागा) छापा. पहिल्या काही फेऱ्या सोडून द्या, तेव्हा फॉन्ट आणि लायब्ररी लोड होत असतात. मग दोन फेऱ्यांमधला फरक बघा. आकडा चढून एका पातळीवर थांबत असेल तर ते कॅशिंग, म्हणजे पुन्हा लागेल म्हणून जपून ठेवणं. चढत-उतरत असेल तर गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा पायथनचा भाग) आपलं काम करतोय. फिगर, अक्ष आणि कॅनव्हास एकमेकांचे संदर्भ धरून असतात, त्यामुळे 'क्लोज'नंतर लगेच आकडा उतरला नाही तरी घाबरू नका. पण दर फेरीला ठरावीक वाढ होत असेल तर त्या वाढीचं माप हाच पुरावा. २८-२९ एमबी असेल तर फिगर अडकली आहे. ७० केबीच्या घरात असेल तर दिवसाचा डेटा कुठल्यातरी लिस्टमध्ये साठतोय. कोड वाचत बसण्याआधी हा भागाकार करा, बरेचदा गुन्हेगार तिथेच सापडतो.

एकच फिगर पुन्हा वापरणाऱ्यांचा रस्ता मुळात बरोबर आहे. फक्त 'अॅक्स.क्लिअर' करून दर फेरीला नवा कलरबार लावू नका. कलरबारचे अक्ष वेगळे असतात, ते पुसले जात नाहीत. लक्षण डोळ्यांना दिसतं: प्रत्येक चित्रात नकाशा थोडा आणखी चेपतो आणि उजवीकडे कलरबारची रांग लागते. 'पीकलरमेश' (रंगीत जाळीचा नकाशा) एकदाच काढा, कलरबार एकदाच लावा आणि पुढे 'सेट-अॅरे'ने फक्त आकडे बदला. वेगही वाढतो.

नमपायचा व्ह्यू, म्हणजे मूळ अॅरेच्याच मेमरीकडे बघणारा तुकडा, हा छुपा रुस्तम. ५१२ च्या घनाचा, ६४ बिटांचा अॅरे बरोबर १ जीबी होतो. त्यातला एकच काप प्रिव्ह्यूसाठी बाजूला ठेवलात तर तो काप २ एमबीचा दिसतो, पण त्याच्यापायी अख्खा जीबी अडकून राहतो. ठेवायचाच असेल तर 'कॉपी' करून ठेवा.

पॅराव्ह्यू या थ्रीडी चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये ज्याला लोक लीक म्हणतात, ते पुष्कळदा लीक नसतंच. नियमित ग्रिडमध्ये बिंदूंचे निर्देशक साठवावे लागत नाहीत, मूळ बिंदू आणि अंतर पुरतं. त्यावर क्लिप (भाग कापणारा) किंवा थ्रेशोल्ड (ठरावीक किमतींच्या पेशी निवडणारा) फिल्टर लावला की बाहेर अनस्ट्रक्चर्ड ग्रिड येतो, आणि मग प्रत्येक बिंदूची जागा आणि प्रत्येक पेशीचे आठ कोपरे लिहून ठेवावे लागतात. आयडी ६४ बिटांचे धरले तर ५१२ च्या घनाचा, ३२ बिटांचा निम्मा जीबी डेटा थ्रेशोल्डमधून बहुतांश तसाच बाहेर आला, तर तो दहा जीबीच्या पुढे जातो. आधी 'एक्स्ट्रॅक्ट सबसेट'ने हवा तेवढा भाग घ्या, तिथे ग्रिड नियमितच राहतो. आतलं नुसतं पाहायचं असेल तर क्लिपऐवजी स्लाइस पुरतो. मेमरी इन्स्पेक्टर पॅनेल उघडं ठेवून एकेक फिल्टर लावला की उडी कुठे बसली ते दिसतं.

पायव्हिस्टा या पायथनमधून व्हीटीके वापरायच्या लायब्ररीत लूपमधून 'अॅड-मेश' करताना 'नेम' द्या. त्याच नावाने नवा मेश आला की जुना निघतो, नाव नसेल तर एकावर एक साचत जातात. प्लॉटर 'क्लोज' करायलाही विसरू नका. ग्राफिक्स कार्डावरची मेमरी आरएसएसमध्ये दिसत नाही, त्यासाठी एनव्हिडियाच्या कार्डांवर 'एनव्हिडिया-एसएमआय' वेगळं बघावं लागतं. सी++मध्ये थेट व्हीटीके लिहीत असाल तर 'न्यू'-'डिलीट'च्या जोड्या हाताने जुळवण्यापेक्षा स्मार्ट पॉइंटर वापरा, आणि एक बिल्ड 'डीबग लीक्स' चालू ठेवून करा. प्रोग्रॅम संपताना कोणत्या क्लासचे किती ऑब्जेक्ट उरले, हे तो सांगतो.

इतकं करूनही वाढ थांबली नाही आणि उद्या सकाळी नकाशे द्यायचे असतील, तर मल्टिप्रोसेसिंगच्या पूलमध्ये (वेगवेगळ्या वर्कर प्रोसेसना काम वाटणाऱ्या पायथनच्या सोयीत) 'मॅक्स-टास्क्स-पर-चाइल्ड' ठरवून द्या. ठरलेली कामं झाली की वर्कर मरतो आणि त्याची सगळी मेमरी ऑपरेटिंग सिस्टिमकडे परत जाते. काही जण याला पळवाट म्हणतात. रात्रभर चालणाऱ्या बॅच कामासाठी मला ती पूर्ण रास्त वाटते. वेब सर्व्हरवर मागणीनुसार आलेख काढत असाल तर मात्र पायप्लॉट वापरूच नका. 'फिगर' हा क्लास थेट आणून वापरा: तो पायप्लॉटच्या नोंदीत जातच नाही, आणि बंद करायचा राहून गेला तरी संदर्भ सुटल्यावर गार्बेज कलेक्टर त्याला उचलतो.