गावातल्या महायुद्धाच्या पाटीवरचा सैनिक नेमका कोण, हे कसे शोधावे

सातारा, रत्नागिरी या पट्ट्यातल्या कित्येक गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी दिसते: या गावातून १९१४-१९ च्या महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बऱ्याचदा तिच्यावर नुसता आकडाच असतो. नाव असले तरी ते 'गणपत जाधव' इतकेच, आणि एका पलटणीत असे चार गणपत सहज निघतात. म्हणून शोध नावापासून नव्हे, गावापासून सुरू करावा.

आधी पाटीचा फोटो घ्या, तोही सकाळच्या तिरप्या उन्हात. अक्षरे पुसट असली तरी खडू किंवा चुना चोळू नका, संगमरवराला आम्ल तर अजिबात लावू नका. 'गेले' आणि 'मेले' हे आकडे वेगळे टिपून ठेवा. पुढची यादी फक्त मृतांची आहे, परत आलेल्यांचा माग तिथे लागत नाही.

ही यादी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या युद्धात मेलेल्या सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. आडनावाचा रकाना रिकामा सोडा, 'अधिक माहिती'च्या रकान्यात गावाचे इंग्रजी नाव घाला आणि सैन्य म्हणून भारतीय सैन्य निवडा. सापडलेल्या नोंदीत बहुधा वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा मिळतो. खरी अडचण स्पेलिंगची. कारकुनाने कानाला आले तसे लिहिले, त्यामुळे पवारांचे पोवार, शिंद्यांचे सिंदे आणि चव्हाणांचे चौहान झाले. गावाच्या नावाचीही चार-पाच रूपे करून पाहा. जिल्हे तेव्हाचे धरा: रायगड म्हणजे कुलाबा, सिंधुदुर्ग रत्नागिरीत, तर तासगाव आणि वाळवा साताऱ्यात. कोल्हापूर, औंध, फलटण ही संस्थाने होती.

पलटणींची नावे १९२२ मध्ये बदलली. पहिल्या महायुद्धाच्या नोंदीत १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ मराठा सापडतील. पुढे त्यांचीच पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. म्हणजे घरच्या कागदावर '१/५ मराठा' (पाचवीची पहिली बटालियन) असेल तर तो १९२२ नंतरचा, जुन्या युद्धाला जुळवू नये. शिपायाचा नंबरही पलटणीपुरताच असे. त्यामुळे तोच नंबर दुसऱ्या पलटणीत दुसऱ्याचा असू शकतो. नंबर आणि पलटण नेहमी एकत्र लिहा.

घरात पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली पाहा. नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण तिथेच कोरलेली असते. ब्रासो लावू नका, घासून घासून अक्षरे जातात. युद्धपदक चांदीऐवजी काशाचे असेल तर माणूस बहुधा लढणारा शिपाई नव्हता, मजूर किंवा खेचरांच्या तुकडीसारख्या बिनलढाऊ नोकरीत होता. अशांना मराठा पलटणींत शोधत बसू नका.

नोंदीतला माणूस याच घरातला, हे ठरते गावच्या कागदांवरून. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीत, परदेशातला मृत्यू सापडेलच असे नाही, पण वारसाचा फेरफार सापडतो, जमीन नावावर असली तर. तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल मागा. कागद मोडी लिपीत असल्यास जाणकार लागेल. दक्षिण महाराष्ट्रात हेळव्याच्या (गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी सांगणाऱ्याच्या) वहीतली वंशावळही उपयोगी पडते. मात्र ती एकटी पुरावा धरू नका, तिच्यात सन क्वचितच असतो. वडिलांचे नाव, गाव आणि पलटण यांपैकी किमान दोन गोष्टी स्वतंत्र कागदांत जुळल्या, तरच ओळख पक्की म्हणा.

आकडा जुळला नाही म्हणून लगेच गोंधळू नका. कमिशन ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचे मृत्यू धरते, आजाराने गेलेलेही. पाटी मात्र १९१९ ला थांबते. शिवाय वाडीचा माणूस कागदावर मूळ गावाच्या नावे भरती झालेला असतो, तेव्हा शेजारच्या गावाची पाटीही पाहून घ्या.

बहुतेक हिंदू शिपायांचे दहन झाले, त्यामुळे थडगे शोधू नका, स्मारक शोधा. फ्रान्समध्ये गेलेल्यांसाठी नव्ह शापेल, इराकमध्ये गेलेल्यांसाठी बसरा. बसऱ्याच्या भिंतीवर भारतीय शिपायांची नावे कोरलेली नव्हती, ती नोंदवहीत आहेत. स्मारकाच्या फोटोत नाव दिसले नाही म्हणून नोंद खोटी ठरवू नका.