मुलांच्या घसादुखीत या चुका टाळा, स्ट्रेप असेल तर जास्तच

जूनमध्ये शाळा सुरू होते, पाऊस लागतो आणि मग मुंबईत घरोघरी कोणा ना कोणाचा घसा धरलेला असतो. व्हॅनमध्ये दहा मुलं खेटून बसलेली, एकाची पाण्याची बाटली चौघं तोंडाला लावणार, त्यामुळे पसरायला वेळ लागत नाही. यातली बरीचशी दुखणी व्हायरल असतात आणि आपोआप जातात, पण काहींच्या मागे स्ट्रेप्टोकोकस नावाचा बॅक्टेरिया असतो, त्यालाच डॉक्टर स्ट्रेप म्हणतात. गंमत नाहीये ही, कारण नीट उपचार झाले नाहीत तर याच बॅक्टेरियामुळे पुढे हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात आणि आपल्याकडे अशी मुलं आजही आहेत.

पहिली चूक सगळेच करतात, घसा दुखला की मेडिकलमधून थेट अँटिबायोटिक. घसा दुखतो म्हणून आणलेल्या दहा मुलांपैकी साधारण तिघांनाच स्ट्रेप असतो, बाकीच्यांना त्या औषधाचा काडीचा उपयोग नाही, वर पोट बिघडतं ते वेगळंच. ओळखायचं कसं तर नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, डोळे लाल आहेत, तर बहुतेक व्हायरल. स्ट्रेपमध्ये अचानक ताप चढतो, गिळताना जाम दुखतं, मानेला पुढच्या बाजूने दुखऱ्या गाठी लागतात, टॉन्सिल लाल आणि त्यावर पांढरे ठिपके, आणि खोकला सहसा नसतोच. लहान मुलं कधीकधी घशाचं बोलतच नाहीत, पोट दुखतं म्हणतात, उलटी करतात, डोकं धरून बसतात. ५ ते १५ वर्षं हे याचं मुख्य वय, तीन वर्षांच्या आतल्या बाळांना क्वचितच होतो.

पण नुसतं टॉर्च मारून घशात बघून नक्की सांगता येत नाही, डॉक्टरांनाही नाही. पांढरे ठिपके व्हायरलमध्येही येतात. घशातून कापसाच्या काडीने नमुना घेऊन रॅपिड टेस्ट होते, काही मिनिटांत कळतं, नाहीतर कल्चर, म्हणजे लॅबमध्ये तो नमुना ठेवून बॅक्टेरिया वाढतो का ते बघतात, त्याला एक-दोन दिवस लागतात. टेस्ट होते का हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका. आणि रक्ताची एएसओ टेस्ट आजच्या घसादुखीसाठी करू नका, ती होऊन गेलेल्या इन्फेक्शनच्या अँटिबॉडी मोजते, त्या तीन ते पाच आठवड्यांनी सगळ्यात जास्त असतात, त्यामुळे आज घसा का दुखतोय ते तिच्यातून कळतच नाही. नुसता एएसओ वाढलेला दिसला म्हणून मुलाला हृदयाचा आजार आहे असं घाबरून जायचंही कारण नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कोर्स अर्धवट सोडणं. स्ट्रेप असेल तर पेनिसिलिन किंवा अ‍ॅमॉक्सिसिलिन पूर्ण १० दिवस द्यायचं असतं. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, मूल खेळायला लागतं, आणि आजी म्हणते आता कशाला गरम औषधं, बास कर. आजीचं प्रेम खरं आहे पण ऐकू नका, कारण उरलेले दिवस बॅक्टेरिया घशातून पूर्ण जावा म्हणून असतात, तो राहिला तर संधिवाताचा ताप म्हणजे र्‍हुमॅटिक फिव्हर येऊ शकतो, हृदयाच्या झडपा खराब होतात त्या यानेच. दुसरी अडचण बाटलीची. पावडरचं सिरप घरी पाणी घालून तयार करतो ना, ती छोटी बाटली बऱ्याचदा चार-पाच दिवसांत संपते आणि घरच्यांना वाटतं कोर्स संपला. दहा दिवसांना किती बाटल्या लागतील हे पहिल्याच दिवशी मेडिकलवाल्याकडून मोजून घ्या. सगळ्या एकदम कालवू नका, पाणी घातल्यावर किती दिवस चालतं ते लेबलवर असतं, बऱ्याच सिरपवर सातच दिवस लिहिलेले असतात. उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घाला, दरवेळी हलवून द्या.

मागच्या वेळचं उरलेलं अ‍ॅझिथ्रोमायसिन पण देऊ नका. ते पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी ठीक आहे, पण काही ठिकाणचे स्ट्रेप त्याला दाद देत नाहीत. पेनिसिलिनला मात्र हा बॅक्टेरिया अजून सरावलेला नाही.

पावसाळ्यात तापासाठी पॅरासिटामॉलच द्या, डोस वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेला. आयबुप्रोफेन स्वतःहून नको, कारण तो ताप डेंग्यूचा निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि अ‍ॅस्पिरिन मुलांना नकोच. गुळण्या, कोमट पाणी, पेज, हळदीचं दूध, आराम वाटतो, जरूर द्या, पण स्ट्रेपवर तो इलाज नव्हे.

अँटिबायोटिक सुरू झाल्यावर २४ तास होईपर्यंत आणि ताप उतरेपर्यंत शाळेत पाठवू नका, युनिट टेस्ट असली तरी.

औषध चालू करून दोन-तीन दिवस झाले तरी ताप तसाच असेल तर परत दाखवा, स्वतः दुसरं अँटिबायोटिक बदलू नका. मूल लाळ गिळू शकत नाही, तोंड उघडत नाही, श्वासाला त्रास होतोय, किंवा घशात राखाडी साय धरल्यासारखी दिसतेय, तर थांबू नका, सरळ हॉस्पिटल, परळच्या वाडियासारखं मुलांचं जवळ असेल तर तिथे. ती साय घटसर्पाची असू शकते, लशी राहिल्या असतील तर ते आधी सांगा. अंगावर सँडपेपरसारखी खरखरीत पुरळ आणि लालभडक जीभ म्हणजे स्कार्लेट फिव्हर, तोही स्ट्रेपचाच, त्याच औषधाने बरा होतो. डास चावलेलं खाजवून त्यावर मधासारखी पिवळी खपली आली तर तीही याच बॅक्टेरियामुळे असू शकते, त्या मुलाचा टॉवेल वेगळा ठेवा.

घसा बरा झाला की विसरू नका, पुढचे तीन-चार आठवडे लक्ष ठेवा. सकाळी डोळ्यांभोवती सूज, लघवी चहासारखी लालसर, म्हणजे किडनीवर परिणाम, आणि हे कोर्स पूर्ण केला तरी होऊ शकतं. गुडघा सुजला, मग तो उतरून घोटा सुजला, धाप लागायला लागली, हात आपोआप झटकायला लागले, तर तो र्‍हुमॅटिक फिव्हर असू शकतो, घसादुखी कधी झाली होती ते डॉक्टरांना तारखेसकट सांगा. र्‍हुमॅटिक फिव्हर झालेल्या मुलांना पेनिसिलिनचं इंजेक्शन तीन-चार आठवड्यांनी वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, मूल ठणठणीत दिसत असलं तरी, आणि एखादी तारीख चुकली तर पुढच्या तारखेची वाट न बघता दुसऱ्या दिवशी जाऊन घ्या.