टॅबलेटला कीबोर्ड डॉक जोडताय? या चुका टाळा

टॅबलेट डॉकच्या, म्हणजे त्याला जोडायच्या कीबोर्डच्या खाचेत बसवला, खट्ट असा आवाज आला, की समोर लॅपटॉप तयार झाल्यासारखं वाटतं. दिसतोही तो तसाच. मग आपण त्याला लॅपटॉपचीच कामं सांगायला लागतो आणि पुढच्या बहुतेक तक्रारी तिथून सुरू होतात. डॉक लावला तरी टॅबलेट टॅबलेटच राहतो, फक्त त्यावर टाइप करायला नीट जागा मिळते. हे मनाशी पक्कं असेल तर ही जोडी फार गुणी आहे. मी वर्षानुवर्षं ती वापरतोय. वाचन, टिपणं, पत्रव्यवहार, लेखांचे कच्चे खर्डे, सगळं तिच्यावरच होतं. म्हणून चुकीच्या अपेक्षेने घेतलेला डॉक महिन्याभरात कपाटात पडलेला पाहिला की खरंच वाईट वाटतं.

रुंदी न मोजता घेणं

घेताना लोक स्क्रीन बघतात, प्रोसेसर विचारतात, रॅम विचारतात. पट्टी लावून कीबोर्डची रुंदी कुणी मोजत नाही आणि रोज बोटांना टोचते ती नेमकी हीच गोष्ट.

हिशोब साधा आहे. नेहमीच्या कीबोर्डवर एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर अंतर असतं. एका ओळीला अशा पंधरा बटणांची जागा लागते, म्हणजे २८५ मिलिमीटर. आता १०.१ इंची, १६:१० प्रमाणाचा (रुंदी १६ तर उंची १०) टॅबलेट घ्या. त्याच्या स्क्रीनची रुंदी भरते जेमतेम २१७ मिलिमीटर. कडा धरल्या तरी पूर्ण कीबोर्ड बसत नाही. मग कंपन्या मधली अक्षरं बऱ्यापैकी मोठी ठेवतात आणि सगळी कात्री चालवतात उजव्या कडेवर. एंटर, शिफ्ट, कंस, अर्धविराम, अवतरणचिन्ह यांची बटणं चिंचोळी होतात.

इंग्रजी लिहिणाऱ्याला हे चालून जातं. मराठी इनस्क्रिप्टने, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीने लिहिणाऱ्याला मात्र जड जातं, कारण आपली नेहमीची अक्षरं तिथेच आहेत. च अर्धविरामावर, ट अवतरणचिन्हावर, ड चौकटी कंसावर, य तिरक्या रेघेवर. म्हणून घेण्याआधी ‘डॉक्टर’ हा एकच शब्द दहा वेळा टाइप करून बघा. त्यात ड, ॉ आणि ट ही तिन्ही बटणं उजव्या कडेची आहेत. दहातून तीन-चार वेळा बोट चुकलं तर तो कीबोर्ड तुमच्यासाठी नाही, बाकी तो कितीही देखणा असो. १३ इंची, ३:२ प्रमाणाच्या स्क्रीनची रुंदी सुमारे २७५ मिलिमीटर असते. तिथे ही कुचंबणा जवळपास संपते, शिवाय उंची जास्त असल्याने लिहिताना एका वेळी ओळीही जास्त दिसतात. मुख्य काम लेखनाचं असेल तर मी डोळे झाकून ३:२ निवडतो. सिनेमे बघायचे असतील तर १६:१० ठीक.

‘टॅबलेट म्हणजे हलका’ असं धरून चालणं

नुसता टॅबलेट हलका असतो, जोडी हलकी असेलच असं नाही. २०२० चा १२.९ इंची आयपॅड प्रो सुमारे ६४० ग्रॅमचा, त्याचा मॅजिक कीबोर्ड साधारण ७०० ग्रॅमचा. दोन्ही मिळून १.३५ किलोच्या आसपास. त्याच वर्षीचा मॅकबुक एअर १.२९ किलोचा होता. म्हणजे अख्खा लॅपटॉप त्या जोडीपेक्षा हलका!

याचं कारण रचनेतच आहे. लॅपटॉपची बॅटरी आणि मदरबोर्ड खालच्या भागात असतात, स्क्रीनचं झाकण हलकं. इथे सगळं उलटं. सगळा जीव वरच्या पाटीत, खाली नुसती बटणं. मग जोडी मागे कोलमडू नये म्हणून डॉक मुद्दाम जड करतात, किंवा बिजागरी एका कोनापुढे उघडू देत नाहीत, किंवा टॅबलेटच्या पाठीला टेकण देतात. २०१४ च्या मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रो ३ या टॅबलेटचं टेकण १५० अंशांपर्यंत झुकायचं. टेबलावर छान, पण मांडीवर त्या टेकणाला मागे जागा लागते आणि गुडघ्यापर्यंतचं अंतर कमी असेल तर ते घसरतं.

एकदा प्रवासात मी जोडी मांडीवर घेऊन लिहीत होतो. स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यातलं चिन्ह दाबायला बोट नेलं आणि सगळं मागे कलंडलं. टॅबलेटचा कोपरा फरशीवर आपटला आणि काचेवर तडा गेला. तेव्हापासून मांडीवर बसून लिहिताना मी स्क्रीनला हात लावत नाही. टचपॅड वापरतो, नाहीतर कीबोर्डचे शॉर्टकट. हे शॉर्टकट पाठ करावे लागत नाहीत. आयपॅडवर कमांड बटण दाबून धरा, अँड्रॉइडवर बहुतेक ठिकाणी मेटा (विंडोज किंवा शोधाचं चिन्ह असलेलं बटण) आणि तिरकी रेघ एकत्र दाबा, यादी समोर येते.

डॉकची बॅटरी कशी चालते हे न समजणं

डॉक तीन प्रकारचे आणि तिघांचे स्वभाव वेगळे. काहींमध्ये स्वतःची मोठी बॅटरी असते, ती टॅबलेटलाही चार्ज करते. काही पिनांमधून टॅबलेटचीच वीज घेतात. तिसरे ब्लूटूथवाले, त्यांची छोटी बॅटरी फक्त कीबोर्डपुरती.

पहिल्या प्रकाराचं गाजलेलं उदाहरण म्हणजे २०११ चा आसुसचा ईई पॅड ट्रान्सफॉर्मर. कंपनीचा दावा होता की टॅबलेट एकटा साडेनऊ तास चालेल आणि डॉकसह सोळा. डॉकला दोन यूएसबी पोर्ट आणि कार्ड रीडरही होता. आजही असा डॉक मिळाला तर मी आनंदाने घेईन. पण अशा डॉकबद्दल एक गोष्ट लोक विसरतात. एका बॅटरीतून दुसरीत वीज ओतताना थोडी वाया जातेच. रात्रभर काम नसताना टॅबलेट डॉकवर ठेवून दिला, तर डॉक त्याला हळूहळू भरत राहतो आणि सकाळी डॉकची बॅटरी उतरलेली असते. काम झालं की टॅबलेट वेगळा काढा. महिनाभर वापर होणार नसेल तर दोन्ही बॅटऱ्या अर्ध्या भरून ठेवा. शून्यावर गेलेला डॉक तसाच पडून राहिला, तर बॅटरी इतकी खाली उतरते की नंतर ती चार्ज घेईलच याची खात्री नाही.

चार्जरचंही तसंच. त्या ट्रान्सफॉर्मरचा चार्जर १५ व्होल्टचा होता, साध्या ५ व्होल्टच्या यूएसबीवर तो नीट चार्ज व्हायचा नाही आणि लोकांना वाटायचं बॅटरीच गेली. जुना डॉक घेत असाल तर मूळ चार्जर सोबत आहे का, हे सगळ्यात आधी बघा. आणि डॉकवर दिसणारं प्रत्येक छिद्र डेटासाठी असतंच असं नाही. मॅजिक कीबोर्डचा यूएसबी-सी पोर्ट फक्त चार्जिंगचा आहे, तिथे पेनड्राइव्ह लावून उपयोग नाही. पेनड्राइव्ह टॅबलेटच्याच पोर्टला लागतो.

सॉफ्टवेअरची मर्यादा हार्डवेअरवर ढकलणं

२०१२ मध्ये विंडोज आरटी असलेला सरफेस आला. दिसायला विंडोज, कीबोर्डही झकास, पण त्यावर नेहमीची डेस्कटॉप सॉफ्टवेअर बसतच नव्हती, फक्त सोबत आलेलं ऑफिस चालायचं. कित्येकांनी ते घरी नेल्यावरच ओळखलं. आता परिस्थिती बरी आहे. आयपॅडला मार्च २०२० मध्ये टचपॅडचा नीट आधार मिळाला, सॅमसंगच्या टॅबलेटवर डेक्स या संगणकासारख्या मांडणीमुळे खिडक्या शेजारीशेजारी उघडता येतात. तरीही बऱ्याच ॲप्सच्या टॅबलेट आवृत्तीत निम्म्या सोयी गाळलेल्या असतात. तुमच्या आठवड्यातली तीन खरी कामं निवडा आणि ती डॉकवर पहिल्यापासून शेवटपर्यंत करून बघा. फाईल उघडणं ही चाचणी नव्हे. दुरुस्ती करून, हव्या त्या नावाने, हव्या त्या फोल्डरमध्ये ठेवून, कुणाला तरी पाठवेपर्यंत जा.

‘कीबोर्ड चालत नाही’ म्हणून लगेच परत करणं

माझ्या कीबोर्डवर एके दिवशी अक्षरं गाळली जाऊ लागली. आधी एखादं, मग शब्दच्या शब्द. सेटिंग चाळल्या, रीस्टार्ट केलं, परत करायचं ठरवून खोकंही काढलं. शेवटी टॅबलेट उजेडात तिरका धरला तेव्हा खालच्या कडेच्या सोनेरी ठिपक्यांवर, जिथे डॉकच्या पिना टेकतात तिथे, तेलकट साय दिसली. हाताला लावायचं क्रीम होतं ते. कोरड्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने दोन्ही बाजूंचे ठिपके पुसले आणि कीबोर्ड पूर्ववत झाला. डाग जुना असेल तर कापसाच्या काडीवर थेंबभर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, ते पूर्ण वाळू द्या, मगच जोडा. खरवडू मात्र नका, वरचा पातळ मुलामा निघतो.

ठिपके स्वच्छ असूनही जोडणी होत नसेल तर टॅबलेटवरचं मागचं कव्हर काढून बघा. अर्ध्या मिलिमीटरची जाडीसुद्धा पिना टेकू देत नाही. चुकीची अक्षरं उमटत असतील तर तो बहुधा बिघाड नसतो, सेटिंगमध्ये फिजिकल कीबोर्डचा लेआउट दुसऱ्या भाषेचा असतो. स्क्रीनवरचा कीबोर्ड निम्मी जागा अडवून बसला असेल तर त्याच पानावर तो बंद करायचा पर्याय सापडतो.

ब्लूटूथ डॉकची दोन दुखणी वेगळी आहेत. थोड्या वेळाने तो झोपतो आणि उठताना पहिलं अक्षर खातो. त्याला इलाज एकच, लिहिण्याआधी शिफ्ट दाबून त्याला जागं करणं. दुसरं म्हणजे एकच अक्षर भराभर उमटत राहणं. बॅटरी भरलेली असूनही असं होत असेल तर शेजारी यूएसबी ३ ची हार्डडिस्क लावली आहे का ते पाहा. तिच्या केबलमधून निघणारा रेडिओ लहरींचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात बोलतं. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून मांडलं होतं. डिस्क हातभर लांब सरकवली तरी बहुधा काम भागतं.

आणि मध्येच स्क्रीन काळी पडत असेल तर घाबरू नका. झाकण मिटलंय हे टॅबलेटला लोहचुंबकावरून कळतं. तो दुसऱ्या टॅबलेटवर, लॅपटॉपवर किंवा चुंबकाच्या कव्हरवर ठेवला तर त्याला आपण मिटलो असंच वाटतं आणि तो झोपतो. उचलून लाकडावर ठेवा, जागा होईल. हेच चुंबक पेसमेकरजवळ मात्र धोक्याचे आहेत. घरात कुणाला पेसमेकर असेल तर टॅबलेट आणि डॉक छातीपासून किमान १५ सेंटीमीटर लांब ठेवायला सांगा, छातीवर ठेवून वाचत पडायची सवय असेल तर आवर्जून.