कॉलेज फुटबॉलची मॅच नक्की कधी संपणार, हे घड्याळ बघून कसं ओळखायचं

चवथ झाली, माटोळी उतरली की फोंड्याला ताईच्या घरी शनिवारची रात्र म्हणजे अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल, बॉल हातात धरून धावतात ते. भाचा ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत शिकतो, मॅचला जातो आणि मॅच संपली की स्टेडियमबाहेरून व्हिडिओ कॉल करतो, आईला एकदा तोंड दाखवतो. पहिल्या वर्षी मीच ताईला हिशेब करून दिला होता, १५ मिनिटांचे ४ क्वार्टर म्हणजे तासभर, हाफटाइम धरून दीड तास, रात्री ९:३०ला सुरू होतेय तर ११ वाजेपर्यंत फोन येईलच. फोन आला रात्री १ वाजून गेल्यावर, आणि तोवर ती बिचारी मोबाईल मांडीवर घेऊन बसलेली, दर दहा मिनिटांनी विचारतेय की काय रे, त्याला काही झालं तर नाही ना. त्यानंतर मी हे घड्याळ नीट समजून घेतलं. गोव्यात आता घरटी एखादं पोरगं बाहेरगावी आहे म्हणून जे कळलं ते इथे लिहून ठेवतोय.

पहिली गोष्ट, आपल्या फुटबॉलचं घड्याळ डोक्यातून काढा. फातोर्ड्याच्या स्टेडियमवर मॅच बघताना बॉल बाहेर जाऊ दे, कोणी पडू दे, घड्याळ पळतच राहतं आणि वाया गेलेला वेळ रेफरी शेवटी वाढवून देतो, त्यामुळे पावणेदोन-दोन तासात माणूस घरच्या वाटेला लागतो. तिकडे उलटं आहे, घड्याळ १५:०० वरून खाली उतरतं आणि अधूनमधून चक्क थांबतं. म्हणून ६० मिनिटांची मॅच साधारण ३ तास २० मिनिटं चालते, साडेतीन झाले तरी नवल नाही. हाफटाइमच २० मिनिटांचा, कारण कॉलेजचे बँड मैदानात उतरतात आणि ते बघायला लोक जागेवरून हलत नाहीत, शिवाय टीव्हीच्या जाहिराती आहेतच.

आता स्क्रीनवर बघायचं कुठे. तिथे दोन घड्याळं असतात. मोठं गेम क्लॉक, म्हणजे क्वार्टरमध्ये किती वेळ उरला ते, आणि छोटं प्ले क्लॉक, ते ४० पासून खाली येतं. एक प्ले, म्हणजे बॉल पुढे न्यायचा एक प्रयत्न, संपला की पुढचा सुरू करायला ४० सेकंद मिळतात (पेनल्टी, टाइमआउट वगैरे मध्ये आलं तर २५), तेवढ्यात बॉल मागे दिला नाही तर ५ यार्डांची पेनल्टी, म्हणजे टीम तेवढी मागे. हा बॉल मागे देणं म्हणजे स्नॅप, हा शब्द लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच आहे.

खरा प्रश्न एकच, मोठं घड्याळ थांबलं तर का थांबलं आणि परत कधी सुटणार. पास टाकला, कोणी झेलला नाही आणि बॉल जमिनीवर पडला तर घड्याळ थांबतं ते थेट पुढच्या स्नॅपला सुटतं. म्हणून सारखे पास टाकणाऱ्या दोन टीम समोरासमोर आल्या की रात्र लांबली म्हणून समजा, आणि बॉल पोटाशी धरून मधून धावणाऱ्या टीम असल्या तर मॅच भराभर पुढे सरकते, कारण खेळाडू मैदानातच पडला तर घड्याळ थांबत नाही. बॉल घेऊन रेषेबाहेर गेला तर थांबतं, पण रेफरीने बॉल जागेवर ठेवून हाताने खूण केली की लगेच सुटतं, स्नॅपची वाट बघत नाही. टचडाउन (बॉल समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेणं) झाला की थांबतं, त्यानंतरच्या जादा पॉइंटच्या किकला घड्याळ चालतच नाही, आणि किकऑफचा, म्हणजे परत खेळ सुरू करायला मारलेल्या किकचा, बॉल मैदानात कोणी हातात घेतला की मग परत सुरू. बॉल एका टीमकडून दुसरीकडे गेला तरी थांबतं, पुढच्या स्नॅपपर्यंत. याच्यावर प्रत्येक टीमला दर हाफमध्ये ३ टाइमआउट, पहिल्या हाफमधले उरले तरी दुसऱ्यात वापरता येत नाहीत.

जुने लेख वाचून कोणी सांगेल की फर्स्ट डाउनला घड्याळ थांबतं. (चार प्रयत्नात १० यार्ड काढले की परत नवे चार प्रयत्न मिळतात, तो फर्स्ट डाउन.) १९६८पासून तसंच होतं, पण २०२३ला नियम बदलला, आता फक्त दोन्ही हाफच्या शेवटच्या २ मिनिटांत थांबतं. मला हा बदल पटतो. २००६ला मॅच छोटी करायला नियम बनवणाऱ्यांनी किकऑफला पायाने बॉल उडवल्याबरोबरच घड्याळ सुरू करायचा आणि बॉलचा ताबा बदलल्यावरही स्नॅपची वाट न बघता ते सोडायचा नियम आणला होता, मॅच लवकर संपायला लागली खरी पण खेळच कमी व्हायला लागला, कोच लोक भडकले आणि एका सीझनमध्ये तो नियम गुंडाळावा लागला. २०२३चा बदल त्यापेक्षा पुष्कळ बेताचा, आणि शेवटची चुरस त्यांनी हात न लावता तशीच ठेवली हे फार बरं केलं.

तर शेवटची २ मिनिटं. २०२४पासून दुसऱ्या आणि चौथ्या क्वार्टरमध्ये २ मिनिटं उरली की आपोआप एक टाइमआउट होतो, तो कोणाच्याच खात्यातला नसतो. त्यानंतर फर्स्ट डाउनला घड्याळ थांबतं, रेषेबाहेर गेलं तर स्नॅपपर्यंत थांबून राहतं, म्हणून ही २ मिनिटं आपल्या भिंतीवरच्या घड्याळात पंधरा-पंधरा मिनिटं खातात. ताई पहिल्यांदा "दोनच मिनिटं राहिली" म्हणून चहा ठेवायला उठली ती चहा पिऊन, कप धुऊन परत आली तरी ५० सेकंद शिल्लकच.

पण इथेच झोपायला जायचं की नाही ते पक्कं कळतं, आणि हा हिशेब मला सगळ्यात जास्त आवडतो. पुढे असलेल्या टीमकडे बॉल आहे, फर्स्ट डाउन आहे, २:०० उरलीत आणि समोरच्याकडे एकही टाइमआउट नाही, असं असेल तर मॅच संपली. क्वार्टरबॅक, म्हणजे स्नॅपचा बॉल घेणारा मुख्य खेळाडू, बॉल घेऊन नुसता गुडघा टेकतो, २ सेकंद गेले, मग प्ले क्लॉकचे ४० घालवतो, म्हणजे घड्याळ १:१८. परत गुडघा, परत ४०, उरले ३६ सेकंद. तिसरा गुडघा टेकला की घड्याळ शून्यावर जातं, समोरच्यांना काही करता येत नाही. मात्र समोरच्याकडे जितके टाइमआउट शिल्लक तितक्या वेळा हे ४० सेकंद वाचतात, म्हणून स्कोअरच्या बाजूला टाइमआउटचे छोटे ठिपके किंवा रेघा असतात त्या मोजायला शिका. मागे पडलेल्या टीमला घड्याळ थांबवायला बॉल मुद्दाम जमिनीवर आपटता येतो, पण त्याला निदान ३ सेकंद शिल्लक लागतात, २ किंवा १ असेल तर आपटून परत घड्याळ थांबवता येत नाही.

एकेका सेकंदाला किती किंमत आहे ते १२ ऑक्टोबर २०२४च्या ओहायो स्टेटच्या ओरेगॉनविरुद्धच्या मॅचला आम्ही डोळ्यांनी बघितलं. आपल्याकडे रविवारची सकाळ, नऊ वाजायला आलेले, पेज ताटात निवतेय आणि कोणी हात लावत नाही. ओरेगॉन ३२-३१ने पुढे, १० सेकंद शिल्लक, बॉल ओहायो स्टेटकडे. ओरेगॉनचे मैदानात ११च्या जागी १२ जण, पास अडला, पेनल्टीचे ५ यार्ड मिळाले पण गेलेले ४ सेकंद काही परत मिळाले नाहीत, ६ उरले आणि पुढच्या प्लेला खेळ खलास. तो नियम लगेच, चालू सीझनमध्येच दुरुस्त केला, आता अशा वेळी घड्याळ पूर्वीच्या आकड्यावर आणून मागता येतं. भाच्याचा कॉल आला तेव्हा पोरगं अर्धा मिनिट बोललंच नाही.

सुरू व्हायच्या वेळा आपल्या घड्याळात अशा लावा. तिकडच्या पूर्व किनाऱ्याचे दुपारचे १२ म्हणजे आपले रात्री ९:३०, ती मॅच साधारण १ वाजता संपते. तिकडचे ३:३० म्हणजे आपले रात्री १, आणि संध्याकाळचे ७:३० म्हणजे आपले पहाटे ५, ही शेवटची मला सोयीची वाटते, लवकर झोपून उठता येतं, दुसरा क्वार्टर चालू असताना पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों-पों ऐकू येतो, गरम उंडे (पाव) घेऊन हाफटाइमला नाश्ता. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास मागे घेतात, त्यानंतर आपल्याकडे सगळं एक तास उशिरा धरायचं, हे विसरलात तर थंडीच्या दिवसात फुकट तासभर जागाल.

बरोबरी झाली तर ओव्हरटाइम, आणि तिथे गेम क्लॉक नसतंच, म्हणून अंदाजही नाही. दोन्ही टीमना आळीपाळीने समोरच्याच्या २५ यार्डांवरून एकेक संधी मिळते, दुसऱ्या ओव्हरटाइमपासून टचडाउननंतर किक मारता येत नाही, २ पॉइंटचाच प्रयत्न (बॉल धावत नेऊन किंवा पास टाकून परत रेषेपलीकडे न्यायचा) करावा लागतो, आणि तिसऱ्यापासून नुसता २ पॉइंटचा एकेक प्ले. हे २०२१पासून असं आहे. त्याआधी २०१८ला टेक्सास ए अँड एम आणि एलएसयू यांची मॅच ७ ओव्हरटाइम चालून ७४-७२वर संपली, जवळजवळ ५ तास. नवीन नियमाने २०२१ला इलिनॉय आणि पेन स्टेट ९ ओव्हरटाइम खेळले पण स्कोअर २०-१८, तिसऱ्यापासून एकेक प्ले पटापट होतो ना. म्हणून चौथा क्वार्टर बरोबरीत संपताना दिसला की मी ताईला आधीच सांगून टाकतो, फोन चार्जिंगला लाव आणि तू जरा आडवी हो, कॉल आला की मी उठवतो.