प्रदेशाच्या नावाने माल विकायचा, तर आधी नियमावली

एखाद्या भागाचं नाव बाजारात चालायला लागलं की बाहेरचे लोक त्याच नावाने माल काढतात. पण नाव बुडतं ते बरेचदा आतल्यांमुळे: तुटवड्याच्या वर्षी उत्पादक संघाचा सभासदच बाहेरचा कच्चा माल आणून आपल्या लेबलखाली खपवतो. म्हणून भौगोलिक नावाच्या (जीआय) नोंदणीचा अर्ज-बिर्ज नंतर, आधी आपसातली तपासणी बसवा.

नियमावलीत ‘पारंपरिक पद्धत’, ‘आसपासचा परिसर’ असले शब्द नकोत. ते मोजता येत नाहीत. हद्द गावांच्या यादीने लिहा. कच्च्या मालाचा वाण, प्रक्रियेचे किमान दिवस, कमाल ओलावा, काय मिसळायचं नाही आणि कोणती पायरी हद्दीतच व्हायला हवी, हे सगळं नोंदवा. (पॅकिंग हद्दीबाहेर चालेल का, हे तेव्हाच ठरवा. पुढची निम्मी भांडणं त्यावरच होतात.) इटलीतल्या पार्मिजानो रेज्जानो चीजचा नियम किती नेमका आहे बघा: किमान १२ महिने मुरवायचं, मग तपासनीस चीजची प्रत्येक गोल ढेप छोट्या हातोडीने ठोकून आवाजावरून आतल्या भेगा-पोकळ्या ओळखतात. नापास ढेपेच्या सालीवरच्या नावाच्या खुणा काढून टाकल्या जातात. आपले आकडे ठरवण्याआधी मात्र हंगामभर लहान-मोठ्या सगळ्यांकडची मोजमापं घ्या, नाहीतर नियम मोठ्यांच्या यंत्रांच्या मापाने बनतात.

खरी चोरी पकडतो तो उताऱ्याचा ताळा. समजा, १०० किलो कच्च्या मालातून १८ ते २२ किलो तयार माल निघतो. सभासदाने ५,००० किलो घेतल्याची पावती दाखवली, तर माल ९०० ते १,१०० किलो, म्हणजे अर्ध्या किलोची १,८०० ते २,२०० पाकिटं. तो ३,००० लेबलं मागत असेल, तर उरलेला माल कुठला? म्हणून लेबलं संघानेच छापायची, क्रमांक घालून द्यायची आणि फाटलेलीही परत घ्यायची. फाटक्यांचा हिशेब सुटला की ताळा कोलमडतो.

नमुन्याचे तीन सीलबंद भाग करा: एक तपासणीला, एक उत्पादकाकडे, एक संघाकडे. वाद झाला तर तिसरा उघडायचा. परीक्षकांना उत्पादकाचं नाव कळू देऊ नका, फक्त क्रमांक द्या. शिक्षा पायरीपायरीने ठेवा: आधी ती बॅच लेबलविना, मग हंगामभर लेबलं बंद. थेट हकालपट्टी एवढीच शिक्षा असली की ती कुणालाच होत नाही.

मत प्रत्येकाला एकच, वर्गणी मात्र लेबलामागे. हद्दीतल्या, नियम पाळणाऱ्या उत्पादकाला प्रवेश नाकारता येणार नाही, हेही लिहून ठेवा.

नोंदणी संघाच्या नावे करा, कुणा एकाच्या नावे नको. आणि आधी आपल्याच देशात करा: ट्रिप्स कराराच्या (जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदेबद्दलचा करार) कलम २४(९) प्रमाणे, मायदेशी संरक्षण नसलेल्या भौगोलिक नावाला संरक्षण देणं इतर देशांवर बंधनकारक नाही. नकली माल दिसला की आधी पाकीट विकत घेऊन बिल जपा, मगच नोटीस पाठवा; नोटीस पोचल्यावर माल दुकानातून गायब होतो.