पांढऱ्या गावांत गाडी वेशीवरच ठेवा

दक्षिण स्पेनच्या आंदालुसियातली चुन्याने रंगवलेली डोंगरगावं निवांत पाहायची, तर दिवसाला दोनच्या वर धरू नका. मुक्काम रोंदात ठेवावा. एक दिवस सेतेनील, दुसऱ्या दिवशी ग्रासालेमा आणि साआरा, एवढं पुरे.

भाड्याची गाडी छोटीच घ्या आणि ती गावाबाहेरच्या पार्किंगमध्ये लावून चालत वर जा. मोबाइलवरचा नकाशा बिनदिक्कत जुन्या गल्लीत घुसवतो. पुढे ती इतकी चिंचोळी होते की आरसे मिटूनही भिंत घासते, मग चढावर रिव्हर्स घेत बाहेर यायचं. आर्कोस या अशाच पांढऱ्या गावात तर हे हमखास.

जेवायला दुपारी दोन-अडीचला बसा. चारच्या सुमारास बहुतेक स्वयंपाकघरं बंद होतात, ती थेट रात्री आठ-साडेआठला उघडतात. दुकानंही दुपारी बंदच. सेतेनीलची कड्याखालची घरं सकाळी अकराच्या आत पाहा, नंतर बसभर माणसं उतरतात.

बूट रबरी पकडीचे हवेत. गुळगुळीत झालेले दगड पावसात घसरवतात, आणि ग्रासालेमा स्पेनमधल्या सर्वाधिक पावसाच्या गावांपैकी एक आहे.