ड्राइव्ह बदलला, मोटर फिरते, पण पीएलसी बोलत नाही: काय करायचं?

मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह (व्हीएफडी) बदलायला तासभर पुरतो. मग मशिन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या, म्हणजे पीएलसीच्या स्क्रीनवर 'कम्युनिकेशन फॉल्ट' झळकतो आणि पुढचे सहा तास कुठे जातात ते कळत नाही. यातले बरेचसे तास वाचवता येतात, पण त्याची तयारी जुना ड्राइव्ह जागेवरून हलवण्याआधी करावी लागते.

जुन्या ड्राइव्हकडून सगळं काढून घ्या

जुन्याचा डिस्प्ले अजून लागत असेल तर पॅरामीटर कीपॅडमध्ये किंवा लॅपटॉपवर उतरवून घ्या. तेही जमत नसेल तर एकेक पॅरामीटर उघडून मोबाइलवर फोटो काढा. मोटरचा डेटा, अ‍ॅक्सेलरेशन-डिसेलरेशनचा वेळ, कमाल फ्रिक्वेन्सी, स्टार्टची आज्ञा आणि वेगाचा आकडा कुठून येतो, कम्युनिकेशनचा पत्ता आणि बॉड रेट (बोलण्याचा वेग) एवढं तरी हवंच.

ड्राइव्ह पूर्ण मेलेला असला तरी तो थोडं सांगतो. कम्युनिकेशन कार्डावरचे छोटे डिप स्विच किंवा फिरते पत्ता-स्विच कोणत्या स्थितीत आहेत त्याचा जवळून फोटो घ्या. उरलेलं पीएलसीच्या प्रोग्रॅममध्ये सापडतं. पीएलसी त्या ड्राइव्हला कोणत्या पत्त्यावर कोणता आकडा पाठवतो, ते तिथे लिहिलेलंच असतं.

नवा निवडताना अँपिअर पाहा

फक्त किलोवॅट पाहून ड्राइव्ह मागवू नका. मोटरच्या नेमप्लेटवरचा करंट आणि ड्राइव्हचा सततचा आउटपुट करंट जुळला पाहिजे. एकाच ड्राइव्हवर बऱ्याचदा दोन रेटिंग छापलेली असतात. हलक्या कामाच्या रेटिंगला साधारण ११० टक्के ओव्हरलोड मिनिटभर चालतो, जड कामाच्या रेटिंगला १५० टक्के. पंख्याला पहिलं पुरतं. क्रशर किंवा भरलेल्या कन्व्हेयरला दुसरंच धरायचं.

ब्रेक रेझिस्टर असेल तर त्याचा ओहम नव्या ड्राइव्हने मागितलेल्या किमान ओहमपेक्षा कमी नसावा, नाहीतर ब्रेकचा ट्रान्झिस्टर जळतो. आणि कम्युनिकेशन कार्ड वेगळं मागवावं लागतं का, हे ऑर्डरच्या वेळीच पाहा. खोका उघडल्यावर कार्डाची जागा रिकामी दिसते, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

वीज बंद, कुलूप, मग थांबणं

हे काम पॅनलची सवय असलेल्या, परवानगी असलेल्या माणसानेच करायचं. मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावा आणि थांबा. ४१५ व्होल्टच्या सप्लायवर ड्राइव्हच्या आतल्या डीसी बसवर (आतल्या डीसी पुरवठ्यावर) जवळपास ५८० व्होल्ट साठलेले असतात आणि ते कॅपॅसिटरमध्ये रेंगाळतात. किती मिनिटं थांबायचं ते ड्राइव्हवरच छापलेलं असतं, बहुधा ५ ते १५. तेवढं थांबूनही डीसीच्या प्लस-मायनस टर्मिनलवर मल्टीमीटर लावून बघाच. त्याआधी आणि नंतर तोच मीटर चालू सप्लायवर तपासा, कारण बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो.

एक सापळा हमखास राहतो. ड्राइव्हच्या रिले टर्मिनलवर दुसऱ्या पॅनलमधून आलेला कंट्रोल सप्लाय असू शकतो. मेन बंद असला तरी तो चालू असतो.

वायरी सोडण्याआधी प्रत्येकीला टॅग लावा. नव्या ड्राइव्हवर सप्लाय वर आणि मोटर खाली असेलच असं नाही. सप्लायच्या तीन वायरी यू-व्ही-डब्ल्यूला, म्हणजे मोटरच्या टर्मिनलांना लागल्या तर चालू करताक्षणी ड्राइव्ह जातो. मोटरचं मेगरिंग (जास्त व्होल्टेजवर इन्सुलेशनची तपासणी) करायचं असेल तर केबल ड्राइव्हपासून सोडूनच करा.

तीन गोष्टींवरून फार डोकेफोड होते. एक, डिजिटल इनपुट सोर्स आहेत की सिंक, म्हणजे ते प्लसने चालू होतात की मायनसने. उलट असेल तर पीएलसीचा आउटपुट लागतो पण ड्राइव्हला काही कळत नाही. दोन, अ‍ॅनलॉग इनपुट ४-२० मिलिअँपिअरवर आहे की ०-१० व्होल्टवर. तीन, सेफ टॉर्क ऑफची, म्हणजे सुरक्षेसाठी मोटरची ताकद तोडणारी टर्मिनलं. ती उघडी असतील तर ड्राइव्ह तयार दिसतो आणि मोटर हलत नाही. तिथे आपत्कालीन स्टॉपची साखळी जोडायची असेल तर ती जोडूनच तपासा. कारखान्यातून आलेला जंपर (दोन टर्मिनलं जोडणारा तुकडा) तसाच ठेवून निघून जाऊ नका.

स्टोअरमध्ये वर्षानुवर्षं पडलेला स्पेअर ड्राइव्ह काढला असेल तर आधी त्याचे कॅपॅसिटर हळूहळू चार्ज करावे लागतात. पद्धत मॅन्युअलमध्ये असते. थेट पूर्ण व्होल्टेज दिलं तर ते फुटू शकतात.

आधी कीपॅडवरून फिरवा

पीएलसीची केबल अजून लावू नका. नेमप्लेटचे आकडे भरा, ऑटोट्यून करा, म्हणजे ड्राइव्हला मोटर ओळखू द्या (मोटर फिरवून करायचं असेल तर लोड सोडवून), मग कमी वेगात दिशा बघा. इथे मोटर नीट फिरली की पुढे जो काही घोळ होईल तो बोलण्याचा आहे, एवढं पक्कं होतं.

आता पीएलसीशी बोलणं

इथे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकाच वेळी सोडवायला गेलं की गुंता होतो: तार पोचते का, सेटिंग जुळतात का, आणि आकड्यांचा अर्थ एकच आहे का.

तारेपासून सुरू करा. मॉडबस आरटीयू ही बोलण्याची पद्धत बहुतेक आरएस-४८५ या दोन तारांच्या जोडणीवर चालते. त्या तारांची ए आणि बी ही नावं वेगवेगळे उत्पादक उलटसुलट वापरतात. पत्ता, वेग सगळं बरोबर असूनही उत्तर येत नसेल तर ए-बी अदलाबदल करून बघा. त्याने काही जळत नाही. लाइनच्या दोन टोकांनाच १२० ओहमचे रेझिस्टर असावेत. सगळं बंद करून ए-बीमध्ये मोजलं तर साधारण ६० ओहम यायला हवा. १२० आला तर एक टोक उघडं आहे. ४० आला तर मध्येच कुणीतरी तिसऱ्या रेझिस्टरचा स्विच ऑन करून ठेवलाय.

मग सेटिंग. पत्ता, बॉड रेट, पॅरिटी (चूक ओळखणारा बिट), स्टॉप बिट, चारही जुळले पाहिजेत. जुना इव्हन पॅरिटीवर आणि नवा नो पॅरिटीवर असला की नुसती शांतता. प्रोफिबस आणि प्रोफिनेट या दुसऱ्या नेटवर्कांवर पीएलसीला ड्राइव्हची ओळख सांगणारी फाइल नव्या मॉडेलची लागते: प्रोफिबसला जीएसडी, प्रोफिनेटला जीएसडीएमएल. प्रोफिनेटमध्ये पीएलसी ड्राइव्हला नावाने ओळखतो, म्हणून नव्या डब्याला जुन्याचं नाव अक्षर न् अक्षर तसंच द्यावं लागतं. इथरनेट-आयपी नेटवर्कात इलेक्ट्रॉनिक कीइंग (ड्राइव्हच्या ओळखीची तपासणी) 'एक्झॅक्ट मॅच'वर असेल तर तोच मॉडेल नंबर असूनही फर्मवेअर वेगळं म्हणून पीएलसी ड्राइव्हला नाकारतो. कीइंग 'कम्पॅटिबल' करावं. ती तपासणीच बंद करणं मला तरी आवडत नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यात फसवा, कारण तिथे फॉल्ट दिसत नाही. एका कन्व्हेयरवर मी अर्धा तास गिअरबॉक्सवर संशय घेत बसलो होतो. पट्टा गोगलगायीसारखा सरकत होता. शेवटी डिस्प्लेकडे नीट पाहिलं: ५.०० हर्ट्झ. पीएलसी ५०० पाठवत होता. जुन्या ड्राइव्हसाठी त्याचा अर्थ ५०.० होता, नवा शंभरावा भाग मोजत होता. उलट झालं असतं तर पट्टा कमाल वेगाला धावला असता. म्हणून पहिल्या चाचणीत कमाल फ्रिक्वेन्सी मुद्दाम १० हर्ट्झवर बांधून ठेवा.

प्रोफिड्राइव्ह प्रोफाइलमध्ये (प्रोफिबस-प्रोफिनेटवरच्या ड्राइव्हची ठरलेली भाषा) १६३८४ म्हणजे संदर्भ वेगाचे १०० टक्के. तो संदर्भ वेग किती, ते ड्राइव्हमध्ये भरायचं असतं. स्टार्ट-स्टॉपच्या आज्ञेचा आकडा, म्हणजे कंट्रोल वर्डही क्रमाने द्यावा लागतो: आधी हेक्स ०४७ई, मग ०४७एफ. थेट दुसरा पाठवला तर ड्राइव्ह 'स्टार्टसाठी तयार नाही' म्हणून बसून राहतो. मॉडबसमध्ये रजिस्टरला (आकडा ठेवायच्या खणाला) मॅन्युअल ४०००१ म्हणतं आणि तारेवर पत्ता शून्य जातो. एकाने चुकलात की शेजारचं रजिस्टर वाचलं जातं.

हे फरक पीएलसीच्या प्रोग्रॅममध्ये जागोजागी दुरुस्त करत बसू नका. जुना प्रोग्रॅम जे आकडे देतो ते घेऊन नव्या ड्राइव्हच्या भाषेत करणारा एकच ब्लॉक लिहा. पुढच्या वेळी ड्राइव्ह बदलला की तेवढाच बदलायचा.

नव्या ड्राइव्हला जुनी भाषा येतच नसेल तर मध्ये गेटवे, म्हणजे दोन भाषांमधला दुभाषा डबा बसवता येतो. पण एकच पंखा असेल आणि रात्रीची पाळी थांबली असेल तर स्टार्ट, वेग आणि फॉल्टच्या वायरी थेट ओढणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

शेवटी दोन चाचण्या. मोटर हळू चालू असताना कम्युनिकेशनची केबल उपटा. टाइमआउट (संपर्क तुटल्याची दखल घेणारं सेटिंग) बंद असेल तर मोटर शेवटच्या वेगाने फिरतच राहील. तो चालू करून, काय व्हायला हवं ते ठरवा. मग पूर्ण सप्लाय बंद करून पुन्हा द्या. काही ड्राइव्हमध्ये कम्युनिकेशनवरून लिहिलेले पॅरामीटर सेव्हची आज्ञा दिल्याशिवाय टिकत नाहीत. सगळं पुन्हा आपोआप जुळलं, तरच पॅनलचं दार लावा.